दोन घोडे आणि एक शाळामास्तर

परदेशी नोकरीस गेलेल्या माणसांनी लिहिलेली पुस्तके बहुधा दोन तऱ्हांची असतात. एका तऱ्हेत तो देश नोकरीच्या खिडकीतून दिसतो. कचेरी, वसाहत, क्लब आणि रजेत पाहिलेली चार स्थळे यांपलीकडे ग्रंथकाराची पावले पडलेलीच नसतात. दुसऱ्या तऱ्हेत ग्रंथकार त्या देशाचे गुणगान करीत सुटतो आणि आपण तेथे पगारासाठी गेलो होतो ही गोष्ट वाचकापासून लपवून ठेवतो. एमे चिफेली या स्विस गृहस्थाचे पुस्तक या दोहोंत बसत नाही. १९३३ साली ते इंग्रजीत प्रथम निघाले तेव्हा त्याचे नाव लांबलचक होते. दक्षिणेच्या क्रूस नक्षत्रापासून ध्रुवताऱ्यापर्यंत, असा त्याचा अर्थ. पुढे ते ‘चिफेलीज राइड’ या सुटसुटीत नावाने रूढ झाले. एका शाळामास्तराने दोन वयस्क घोडे बरोबर घेऊन अर्जेंटिनापासून अमेरिकेच्या राजधानीपर्यंत दहा हजार मैलांची मजल मारली, एवढीच त्याची कथा. पुस्तक जुने झाले आहे. पण आजही ते वाचावे असे का वाटते, आणि वाचताना कोठे अडखळायला होते, हे पाहण्यासारखे आहे.

आपल्याकडे अश्वप्रेम आणि देशाटन यांची सांगड म्हटली की विष्णुपंत छत्रे यांचे नाव आधी आठवते. अश्वविद्येसाठी ते ग्वाल्हेरीस राहिले, पुढे त्यांनी सर्कस उभारली आणि तिच्याबरोबर ते मुलूखभर व समुद्रापलीकडेही हिंडले. घोड्याची आवड हीच त्यांची उपजीविका झाली, आणि उपजीविकेने त्यांना परमुलखात नेले. चिफेलीचे उलट झाले. उपजीविकेने त्याला आधी परमुलखात नेऊन टाकले. घोडा त्याला तेथे भेटला, आणि घोड्यापायी नोकरी सुटली.

चिफेलीचा जन्म १८९५ सालचा, स्वित्झर्लंडमधला. तरुणपणी तो इंग्लंडात शिक्षक झाला आणि तेथून अर्जेंटिनात गेला. ब्युनॉस आयरिसजवळच्या किल्मेस गावी इंग्रजी धर्तीचे सेंट जॉर्जेस कॉलेज आहे; त्या निवासी शाळेत त्याने बरीच वर्षे मुलांना शिकविले. जागा बरी, पगार बरा, सुट्ट्या भरपूर. पण अशा शाळेत माणूस राहतो कोठे? कागदोपत्री अर्जेंटिनात, आणि प्रत्यक्षात इंग्लंडच्या एका तुकड्यात. घंटा इंग्रजी, खेळ इंग्रजी, जेवणाच्या वेळा इंग्रजी. चाकोरीत रुतून आयुष्य संपेल या भीतीने आपण निघालो, असे त्याने मोकळेपणी सांगितले आहे. इंदूर, बडोदे, हैदराबाद येथे पिढ्यान्‌पिढ्या नोकरीनिमित्त राहिलेल्या आपल्या कुटुंबांना ही स्थिती समजावून सांगावी लागणार नाही. गावात घर असते, रेशनकार्डावर नाव असते, आणि तरी शेजारच्या पेठेपलीकडले गाव कित्येकांनी पाहिलेले नसते.

घोडे त्याला दिले ते डॉ. एमिलिओ सोलानेत यांनी. हे गृहस्थ पशुवैद्य व प्राध्यापक होते आणि ‘क्रिओयो’ या अर्जेंटिनी घोड्यांच्या जातीचे कैवारी होते. स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकात आणलेले घोडे पंपाच्या गवताळ मैदानांत मोकळे सुटले, वाढले, रानटी झाले. उन्हाने, थंडीने आणि उपासमारीने त्यांची अशी पारख केली की त्यातून एक ठेंगणी, रुंद हाडाची, काटक जात तयार झाली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातले उंचेपुरे नर आणून संकर करण्याची टूम निघाली आणि ही जात विरळ होऊ लागली. सोलानेत यांचे म्हणणे असे की देखणेपणात ही जात हरेल, पण टिकण्यात तिला तोड नाही. पातागोनियातल्या तेवेल्चे लोकांकडून त्यांनी काही घोडे मिळविले होते. त्यांतले दोन त्यांनी चिफेलीच्या स्वाधीन केले. एक ‘मांचा’, म्हणजे डागाळलेला. आपल्या भाषेत अबलख. दुसरा ‘गातो’. गातो म्हणजे मांजर, पण येथे ते नाव अंगाच्या मातकट पिंगट रंगावरून पडलेले. वये सोळा आणि पंधरा. आपल्याकडच्या कोणाही मोतद्दाराला विचारले असते तर त्याने या वयाच्या जनावरांना हलके काम आणि मऊ चंदी सुचविली असती.

एप्रिल १९२५मध्ये ही त्रयी ब्युनॉस आयरिसहून निघाली. वृत्तपत्रांनी चिफेलीला वेड्यात काढले होते. बोलिव्हिया, पेरू, इक्वेडोर, कोलंबिया, पनामा, मेक्सिको असे करीत ऑगस्ट १९२८मध्ये ती वॉशिंग्टनला पोहोचली. त्रयी म्हणालो खरे. पण शेवटी दोघेच पोहोचले. त्या उणिवेतच या पुस्तकाची खरी किंमत आहे असे मला वाटते, म्हणून तिकडे जरा सावकाश यावयाचे आहे.

वकिली पेशाच्या माणसाला हे पुस्तक वाचताना एक शंका प्रथमच येते. हा प्रवास निखळ प्रवास नव्हता. तो एका दाव्यातला पुरावा होता. दावा सोलानेत यांचा, पक्षकार क्रिओयो जात, आणि चिफेली हा साक्षीदार. साक्षीदार तर उघड उघड हितसंबंधी. घोडे फुकट मिळालेले, कीर्ती यशावर अवलंबून, आणि पुढे पुस्तकही विकावयाचे. शिवाय काटेकोरपणे पाहिले तर दोन घोड्यांच्या पराक्रमावरून साऱ्या जातीचा गुण सिद्ध होत नाही. दोन प्रामाणिक माणसे दाखवून गाव प्रामाणिक ठरत नाही. पोतोसी आणि चायापाता यांच्यामधली एल कोंडोर खिंड या घोड्यांनी ओलांडली, आणि अर्जेंटिनात तिची उंची ५,९०० मीटर म्हणून अभिमानाने सांगतात. असे आकडे वाचले की उलटतपासणीची हुक्की येते. मी तशा वृत्तीनेच पुस्तक वाचावयास घेतले.

परंतु न्यायालयात साक्षीदाराच्या शब्दाला वजन येते ते त्याने स्वतःच्या हिताविरुद्ध दिलेल्या कबुलीने. या पुस्तकात अशा कबुल्या जागोजाग आहेत. ‘दक्षिणेपासून उत्तरेपर्यंत घोड्यावरून’ असा डांगोरा जगभर पिटला गेला. ग्रंथकार मात्र त्या डांगोऱ्याला स्वतःच छिद्रे पाडीत जातो. कोलंबिया आणि पनामा यांच्यामध्ये दारिएनचे दलदलीचे अरण्य आहे. तेथे घोडे नेणे म्हणजे त्यांना मारणे. म्हणून तो जहाजाने गेला. निकाराग्वात बंडाळी चालू होती. तेथेही त्याने कोस्टा रिकाहून जहाज धरले आणि साल्व्हाडोरला उतरला. मेक्सिकोच्या दक्षिण टोकाला एका खेचराने गातोला लाथ मारली आणि तो लंगडा झाला. चिफेलीने त्याला आगगाडीने मेक्सिको शहरास पाठविले व स्वतः मांचाबरोबर पुढे चालला. पुढे अमेरिकेत सेंट लुई येथे त्याने पाहिले की मोटारींच्या वर्दळीत दोन घोडे सांभाळणे शक्य नाही. गातोला त्याने तेथेच ठेवले. मोटारींचा उपद्रव मांचालाही भोवला होता. न्यूयॉर्कपर्यंत घोड्यावरून जावयाचा मूळ बेत त्याने सोडला आणि वॉशिंग्टन हा आपल्या स्वारीचा शेवट ठरविला; उरलेला टप्पा स्वारीत धरला नाही.

विक्रमाच्या दृष्टीने हे पाच डाग आहेत. एखादा विक्रमवीर असता तर त्याने हे टप्पे अर्ध्या वाक्यात उरकले असते, अथवा मुळीच उरकले नसते आणि घोडे मारले असते. हे बोलणे अतिशयोक्तीचे नाही. १८९२ साली व्हिएन्ना आणि बर्लिन यांच्यामध्ये ऑस्ट्रियन व जर्मन लष्करी अधिकाऱ्यांची घोडदौड झाली. पहिला आलेला काउंट श्टारहेमबेर्ग तीन दिवसांच्या आत पोहोचला. त्याचा घोडा त्यानंतर लवकरच मेला, आणि त्या शर्यतीत अशी पुष्कळ घोडी गेली. ते अधिकारी घोड्यांवर प्रेम करीत नव्हते असे कोण म्हणेल? जन्मभर खोगिरात बसलेली ती माणसे. आपल्या घोड्याचे तैलचित्र दिवाणखान्यात लावणारी. पण प्रेम आणि महत्त्वाकांक्षा यांचा खटका उडाला तेव्हा त्यांनी कोणाच्या बाजूने निकाल दिला, हे त्या घोड्यांच्या प्रेतांवरून कळते. चिफेलीपुढे तोच प्रश्न पाच वेळा आला. पाचही वेळा त्याने महत्त्वाकांक्षा थोडी छाटली. त्याबद्दल तो स्वतःची पाठ थोपटीत नाही. हिशेबाच्या वहीत खर्च टाकावा तसे लिहून पुढे जातो.

या हिशेबी लिहिण्याची मला अधिक ओढ वाटली. इंग्रजी ही चिफेलीची जन्मभाषा नव्हे, आणि ते या पुस्तकाला बाधण्याऐवजी उपकारकच झाले आहे. अलंकार त्याला सुचत नाहीत, सुचले तर तो बिचकतो. प्रेमाचे उमाळे जवळजवळ नाहीत. त्याऐवजी काय आहे? चारा मिळाला की नाही, पाणी कोठे सापडले, पाठीला खोगीर कोठे घासले, नाल कोठे पडला. संध्याकाळी गावात शिरल्यावर आधी घोड्यांची सोय, मग स्वतःची. आणि पुष्कळदा स्वतःची होतच नाही. एका घोड्यावर बसावयाचे, दुसऱ्यावर सामान लादावयाचे, आणि पाळी बदलावयाची, म्हणजे एकाच पाठीवर सदोदित भार पडत नाही. पेरूमध्ये ‘माताकाबायो’ नावाचे वाळवंट लागते. त्या नावाचा अर्थच अश्वघातक. उष्ण प्रदेशात रात्री रक्त शोषणारी वटवाघळे घोड्यांच्या मानेला लागतात. हे सारे तो ज्या तपशिलाने सांगतो त्यावरून वाचकाला कळते की हा माणूस रात्री किती वेळा उठून घोड्यांकडे गेला असेल. तो ते सांगत नाही.

दोन घोड्यांचे स्वभाव मात्र त्याने असे रंगविले आहेत की कादंबरीकाराने हेवा करावा. मांचा तापट, सावध, मानी. परक्याला पाठीवर बसू देणार नाही, रात्री राखणीच्या कुत्र्यासारखा कान टवकारून उभा. गातो शांत, समंजस, सांगितलेले ऐकणारा; पण चिखलाचा आणि फसव्या वाळूचा धोका त्याला आधी कळे, आणि तो पाऊल टाकायला नाकारी तेव्हा ग्रंथकार त्याचे म्हणणे मान्य करी. आरंभीचा एक प्रसंग मजेचा आहे. राजधानीच्या तबेल्यात या रानटी पाहुण्यांपुढे उत्तम घास आणि धान्य ठेवले, तर त्यांनी ते हुंगून सोडून दिले आणि खाली अंथरलेला पेंढा आवडीने खाल्ला. पेरूच्या डोंगरांत गातोचा पाय घसरून तो कड्याच्या दिशेने गडगडत गेला आणि एका एकट्या झाडाला अडून राहिला, तो प्रसंग मी दोनदा वाचला. थोड्या शब्दांत, घाई न करता लिहिलेला. दोराच्या झुलत्या पुलावरून एकेका घोड्याला पलीकडे नेण्याची हकीकतही तशीच. पुलाचे हेलकावे वाचकाच्या पायांना जाणवतात, आणि ग्रंथकाराने ‘भयंकर’ हा शब्द वापरला की नाही हे नंतर आठवतही नाही.

आता जे अडखळविते त्याकडे वळू.

घोड्यांना कोणी विचारले होते काय? हा प्रश्न वरकरणी बालिश वाटेल. पण आपल्या देवस्थानांच्या कारभाराशी ज्यांचा संबंध आहे, त्या महाजनांना व सेवेकऱ्यांना तो बालिश वाटू नये. कायद्याच्या दृष्टीने देव ही एक व्यक्ती आहे. तिची मालमत्ता असते, तिला दावा लावता येतो, तिच्यावर दावा लागतो. पण ती व्यक्ती बोलत नाही. म्हणून कायदा तिला अज्ञानासारखी समजतो आणि तिच्या वतीने बोलणाऱ्याला एकच गोष्ट विचारतो: हिशेब दाखवा. भक्ती किती आहे हे न्यायालय विचारीत नाही, कारण भक्ती सर्वच सांगतात. जो दुसऱ्या मुक्या जिवाच्या नावाने काम करतो त्याची परीक्षा वहीखात्यात होते. ‘चिफेलीज राइड’ या परीक्षेला उतरते ते याच कारणाने. संमतीचा प्रश्न ग्रंथकार सोडवू शकत नाही, कोणीही सोडवू शकणार नाही. पण त्याने वही उघडी ठेवली आहे.

नेमके हेच त्याने दुसऱ्या एका पुस्तकात विसरावे याचे नवल वाटते. १९३४ साली त्याने ‘द टेल ऑफ टू हॉर्सेस’ हे मुलांसाठी पुस्तक लिहिले. प्रवास तोच, पण सांगणारे आता घोडे. मांचा आणि गातो स्वतःच्या तोंडाने आपली हकीकत सांगतात. मुलांना ते आवडले, आजही आवडते, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण साहित्य म्हणून ते पहिल्याच्या शेजारी ठेवता येत नाही. आमच्याकडे शिगम्यात घोडेमोडणी होते. बांबू-कापडाचा घोडा कमरेला बांधून, डोक्याला मुंडासे बांधून, हातात तलवार घेऊन माणसे ढोलताशाच्या ठेक्यावर नाचतात. त्यात फसवणूक नाही, कारण पाय माणसाचे आहेत हे सर्वांना दिसते आणि घोड्याने काही बोलावे अशी कोणाची अपेक्षा नसते. चिफेलीच्या दुसऱ्या पुस्तकात मात्र कापडी घोड्याला वाचा फुटते, आणि ती वाचा मालकाला अनुकूल निघते. घोडे कुरकुरतात, पण प्रेमाने. थकतात, पण मालकावर रुसत नाहीत. पहिल्या पुस्तकात गातो पाऊल टाकायला नाकारतो तेव्हा त्या नकारात जी प्रतिष्ठा आहे ती येथल्या संभाषणांत नाही. ज्याची साक्ष घेता येत नाही त्याची साक्ष आपणच लिहून काढणे हा मोह फार जुना आहे. मृत्युपत्रांच्या दाव्यांत तो रोज दिसतो.

पहिल्या पुस्तकातही दोष आहेतच, आणि ते माणसांच्या बाबतीत आहेत. घोड्यांविषयी इतका सावध असणारा हा लेखक माणसांविषयी पुष्कळदा घाईने बोलतो. आंदीज पर्वतातल्या मूळ रहिवाशांची हलाखी त्याला दिसते, त्यांना पिळणाऱ्यांचा त्याला राग येतो, हे खरे. पण पुढच्याच पानावर त्यांच्या आळसाविषयी, अस्वच्छतेविषयी असा एखादा शेरा येतो की त्या काळच्या युरोपीय प्रवाशाची जुनी सवय उघडी पडावी. लहानसहान अंमलदारांची तो थट्टा करतो. ती कधी रुचते, कधी नुसती वरच्या पायरीवरून केलेली वाटते. शिवाय शाळामास्तर पुरता गेलेला नाही. एखादे भग्नावशेष दिसले की तो खडू हाती घेतो आणि इंका साम्राज्याच्या इतिहासाचा तास सुरू होतो. घोडे तेवढा वेळ बाहेर उभे. ही पाने चाळली तरी चालतील.

तरी पण त्या माणसांच्या दारापर्यंत त्याला नेले कोणी? आगगाडीने गेला असता तर स्टेशनमास्तर भेटले असते आणि जहाजाने गेला असता तर कप्तान. घोड्यावरून आलेल्या माणसाला खेड्यात थांबावे लागते, चारा मागावा लागतो, वाट विचारावी लागते. आणि ज्याला काही मागावयाचे आहे त्याला नम्र व्हावे लागते. शाळेत इतकी वर्षे काढून जो देश त्याला मिळाला नाही तो एका पेंढीच्या सौद्यात मिळाला. मेक्सिकोच्या दक्षिण भागात लुटारूंच्या भीतीने लष्कराची सोबत मिळाली, आणि मेक्सिको शहरात पोहोचल्यावर तेथल्या घोडेस्वारांनी त्याचे जंगी स्वागत केले. ते स्वागत एका परक्या मास्तराचे नव्हते. ज्या लोकांना घोडा कळतो त्यांनी मांचाला पाहिले आणि मालकाला पदरात घेतले. पुढे सोडून आलेला गातो तेथे पुन्हा भेटतो. ग्रंथकाराचा संयम या एका ठिकाणी सुटल्यासारखा वाटतो, आणि ते शोभते.

‘देशी’ या शब्दाविषयी मात्र मनात एक हसू येत राहते. सोलानेत आणि त्यांचे पक्षधर क्रिओयोला अर्जेंटिनाच्या मातीचा घोडा म्हणून मिरवितात. तो घोडा आला स्पेनहून, गलबतातून. १५३६ साली वसलेले पहिले ब्युनॉस आयरिस पाच वर्षांत सोडून द्यावे लागले, आणि मागे उरलेल्या जनावरांपासून पंपातले कळप वाढले अशी परंपरा आहे. त्याच शतकात दुसऱ्या बाजूला, आपल्या गोव्याच्या धक्क्यावर, अरबस्तान आणि इराणचे घोडे उतरत होते. १५१० साली गोवे हाती आल्यावर पोर्तुगिजांनी हा व्यापार आपल्या बंदरात ओढून घेतला. विजयनगर आणि विजापूर या दोघांनाही घोडे हवे असत, आणि त्यांवरच्या जकातीने सरकारी खजिना भरे. पण आपल्याकडे उतरलेला घोडा दर पिढीला पुन्हा समुद्रावरून आणावा लागला, आणि पंपात उतरलेला तेथलाच होऊन गेला. हवा, गवत आणि मोकळीक यांचा हा फरक. चिफेलीच्या पुस्तकात देशी घोड्याचा अभिमान वाहणारा स्वार स्विस, भाषा इंग्रजी, आणि प्रस्तावना लिहिणारा स्कॉटिश आहे. कोण कोठला हे ठरविण्याच्या कामी हे पुस्तक फारसे उपयोगी नाही.

त्या प्रस्तावनाकाराविषयी दोन शब्द सांगितलेच पाहिजेत, कारण त्याच्यावाचून हे पुस्तक कोणी हाती घेतले असते की नाही याची शंका आहे. रॉबर्ट कनिंगहॅम ग्रॅहॅम हा स्कॉटिश जमीनदार तरुणपणी अर्जेंटिनात गुरांच्या आणि घोड्यांच्या धंद्यात पडला, त्यात त्याला यश आले नाही, आणि मायदेशी परतून तो पार्लमेंटचा सभासद व लेखक झाला. ग्लासगोत ट्राम ओढणाऱ्या घोड्यांत त्याला एक काळा अर्जेंटिनी घोडा दिसला. त्याने तो विकत घेतला, ‘पंपा’ नाव ठेवले, आणि त्यावर बसून तो पार्लमेंटात जाई. गद्य लिहिण्यात ग्रॅहॅम चिफेलीहून फार वरचढ. ‘द हॉर्सेस ऑफ द काँक्वेस्ट’ हे त्याचे १९३०चे पुस्तक स्पॅनिश स्वाऱ्यांतल्या घोड्यांविषयी आहे, आणि त्यातला कळवळा खरा आहे. तरीही माझे मत असे की घोडा ग्रॅहॅमच्या लेखणीत हरवलेल्या तारुण्याचे प्रतीक होऊन बसतो, आणि चिफेलीच्या लेखणीत तो घोडाच राहतो. चिफेलीने पुढे १९३७ साली ‘डॉन रॉबर्टो’ या नावाने या स्नेह्याचे चरित्र लिहिले. भक्ताने लिहिलेल्या चरित्राचे सर्व गुणदोष त्यात आहेत.

नंतरच्या पुस्तकांविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. ‘ब्रायडल पाथ्स’ हे १९३६चे, इंग्लंडातल्या खेड्यापाड्यांतून एका घोडीवरून केलेल्या सहलीचे. गोड, नेटके, आणि विसरण्याजोगे. परत फिरण्याची वाट नेहमी मोकळी असेल तेथे घोडा हा केवळ शौक होतो. ‘धिस वे साउथवर्ड’ या १९४०च्या पुस्तकात तर तो अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाकडे मोटारीने गेला. ज्या यंत्राने मांचाला धडक दिली त्याच यंत्रात बसून! मैल भराभर सरतात आणि माणसे तेवढीच भराभर मागे पडतात.

पहिल्या पुस्तकाच्या अखेरीस एक प्रसंग आहे. न्यूयॉर्कला महापौराने सत्कार केला, वॉशिंग्टनला राष्ट्राध्यक्ष कूलिज यांनी भेट दिली, घोड्यांचे प्रदर्शन झाले. घोड्यांसह परत जाण्यासाठी ‘व्हेस्ट्रिस’ या जहाजाचा बेत होता. परंतु नॅशनल जिऑग्राफिक सोसायटीपुढे व्याख्यान ठरल्यामुळे ते जहाज सोडावे लागले. १२ नोव्हेंबर १९२८ रोजी व्हेस्ट्रिस बुडाले आणि शंभरांहून अधिक माणसे गेली. दुसऱ्या कोणा लेखकाने येथे दैवावर एक अध्याय लिहिला असता. चिफेली थोडक्यात आटोपतो आणि घोडे दुसऱ्या जहाजात कसे चढविले याकडे वळतो.

दोन्ही घोडे सोलानेत यांच्या ‘एल कारदाल’ या कुरणावर परतले आणि पुन्हा कामाला जुंपले गेले नाहीत. १९३६ साली वृद्ध ग्रॅहॅम त्यांना पाहण्यासाठी, बरोबर ओटची पिशवी घेऊन, अर्जेंटिनात आला. ब्युनॉस आयरिसलाच त्याला मृत्यूने गाठले, आणि त्याच्या अंत्ययात्रेत मांचा आणि गातो मोकळ्या पाठीने चालले. गातो १९४४ साली गेला, मांचा १९४७ साली. दोघांची वये तिशीच्या पुढची. त्यांची पेंढा भरलेली शरीरे लुहान येथील संग्रहालयात आहेत. चिफेली स्वतः १९५४ साली लंडनमध्ये वारला. १९९९ साली अर्जेंटिनाच्या कायदेमंडळाने २० सप्टेंबर हा राष्ट्रीय अश्वदिन म्हणून मुक्रर केला, तो १९२८ साली स्वार न्यूयॉर्कला पोहोचल्याच्या स्मरणार्थ. स्वाराने आपली स्वारी वॉशिंग्टनलाच संपविली होती, हे पुस्तकात स्पष्ट लिहिलेले आहे.